कारिक आणि वालिया: किडे खरे, पण माणसं? हे पुस्तक मुलांना द्यावं का?

बांधावरची (मूळ धागा)

यान लारी या सोव्हिएत लेखकाची ‘कारिक आणि वालिया यांची विलक्षण साहसं’ ही कादंबरी १९३७ मध्ये ‘कोस्त्योर’, म्हणजे ‘शेकोटी’, या मुलांच्या मासिकात क्रमशः आली आणि त्याच वर्षी तिचं पुस्तकही निघालं. लारी जीवशास्त्र शिकलेला, मत्स्यसंशोधन संस्थेत काम केलेला माणूस होता.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कारिक आणि त्याची बहीण वालिया प्राध्यापक येनोतोव यांच्या खोलीत जातात, तिथलं एक पेय पितात आणि किड्याएवढी होतात. कपडे होते तेवढेच राहतात. खिडकीत आलेला चतुर त्यांना पाठीवर घेऊन तळ्याकडे उडतो. घडलेला प्रकार कळल्यावर प्राध्यापक तळ्यापाशी एक खांब रोवतात, त्यावर लाल निशाण लावतात, मोठं करणारी पूड पेटीत घालून तिथं ठेवतात आणि स्वतः लहान होऊन गवतात उतरतात. पुढचं पुस्तक म्हणजे त्या निशाणापर्यंतची वाट.

या पुस्तकाबद्दल पालकांचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: माणूस लहान होणं अशक्य आहे, मग याला विज्ञान कसं म्हणायचं? म्हणून हा धागा. माझं मत सरळ आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक जसंच्या तसं द्यावं. मध्ये थांबून काही समजावू नये, शेवटी प्रश्नोत्तरं घेऊ नयेत.

पाण्यातल्या कोळ्याचं प्रकरण घ्या. मुलं तळ्यात पडतात आणि अर्जिरोनेटा नावाचा कोळी त्यांना पाण्याखालच्या आपल्या घरात नेतो. हा कोळी खरा आहे, युरोपात आणि उत्तर आशियात सापडतो. पाणवनस्पतींच्या मध्ये तो जाळ्याचा घुमट विणतो, पृष्ठभागावर येऊन पोटाच्या केसांत हवा धरतो, खाली नेऊन घुमटात सोडतो आणि शिकारही तिथंच बसून खातो. पाठ्यपुस्तकात एवढं दोन ओळींत संपतं. इथं ती हवा मुलांना स्वतःच्या श्वासाला लागते. ‘ही हवा किती वेळ पुरेल?’ हा प्रश्न वाचणाऱ्याला आपसूक पडतो, आणि तो नेमका शास्त्रज्ञाचा प्रश्न आहे. ज्ञान नसेल तर जीव जाईल, अशा जागी ते ज्ञान ठेवलं आहे.

आणखी दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. या पुस्तकात कोळी दुष्ट नाही, मुंगी सद्गुणी नाही. जो तो आपापल्या पोटाच्या मागे आहे. आणि अंतर. ५ मिलिमीटरच्या माणसाचं पाऊल २ मिलिमीटरचं धरलं, तर १०० मीटरला ५०,००० पावलं लागतात. मोठ्या माणसाची दोन मिनिटांची वाट इथं कित्येक दिवसांची मोहीम होते. परसातला गवताचा तुकडा म्हणजे अरण्य आहे, हे मुलाला यापेक्षा चांगलं कोण सांगेल?

मोजपट्टी

असहमत. आणि मतभेद किरकोळ नाही.

सव्वा मीटर उंचीचं, २५ किलोचं मूल घ्या आणि ५ मिलिमीटरचं करा. उंची २५० पटींनी घटली. पृष्ठभाग २५० गुणिले २५०, म्हणजे ६२,५०० पटींनी घटला. घनफळ १,५६,२५,००० पटींनी घटलं आणि त्यासोबत वजनही. मूल उरलं १.६ मिलिग्रॅमचं. एवढ्याशा ओझ्याची चतुराला खबरही लागणार नाही, म्हणजे इथपर्यंत गोष्ट चालते. त्याच्या पाठीवरून पडलं तरी इजा नाही, कारण एवढ्या हलक्या देहाला हवाच झेलून धरते.

पुढे बघा. त्या मुलाची त्वचा जेमतेम १५ चौरस मिलिमीटर. अंगावर ०.१ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर बसला तर त्या पाण्याचं वजन १.५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास मुलाएवढंच. अर्धा मिलिमीटर थर असेल तर साडेचारपट. मुळात ते तळ्यात सहज बुडणारच नाही. दोन्ही तळपायांचा मिळून घेर सुमारे ४ मिलिमीटर धरला, तर पाण्याचा पृष्ठताण त्याच्या वजनाच्या अठरापट भार पेलू शकतो. फक्त अट अशी की कातडी पाण्याने भिजणारी नको. आपली भिजते. म्हणजे त्याला ना चालता येईल, ना पोहता येईल, ना बाहेर निघता येईल. पाण्याच्या कातडीला ते चिकटून राहील.

ऊब: वजनाच्या मानाने त्वचा २५० पट झाली, म्हणजे देह त्याच प्रमाणात झपाट्याने निवणार. मूल दिवसाला दीड किलो खातंपितं असं धरलं आणि त्वचेच्या प्रमाणात भागलं, तर या चिमुकल्याला रोज २४ मिलिग्रॅम लागतील, स्वतःच्या पंधरापट. पृथ्वीवरच्या सर्वांत हलक्या सस्तन प्राण्यांपैकी एक असलेली एट्रस्कन चिचुंद्री २ ग्रॅमच्या आसपास असते, तिचं हृदय मिनिटाला १,५०० वेळा धडधडू शकतं आणि तिला सतत खावं लागतं. हे मूल तिच्याहून हजारपटीने हलकं आहे.

डोळे: ३ मिलिमीटरची बाहुली १२ मायक्रोमीटरची झाली. इतक्या बारीक भोकातून प्रकाश फाकतो आणि सुमारे तीन अंशांच्या आतलं काही वेगळं दिसत नाही. हात लांब करून दोन बोटं धरा, त्यांच्या रुंदीएवढा हा डाग. चतुराची नजर याहून कितीतरी तीक्ष्ण असते. प्राध्यापक जी अंगप्रत्यंगं दाखवतात ती मुलांना दिसतच नसणार.

मेंदू: पेशींचा आकार तोच ठेवला, तर माणसाच्या मेंदूतल्या ८,६०० कोटी चेतापेशींपैकी साडेपाच हजार उरतात. मुंगीकडे अडीच लाखांच्या घरात असतात. पेशीच लहान केल्या म्हणाल, तर डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशीची २ मायक्रोमीटरची जाडी ८ नॅनोमीटर होते, आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे. म्हणजे ती पेशी प्रकाश नीट टिपूच शकणार नाही.

हे सगळं चुका काढण्यासाठी लिहिलेलं नाही. किडा किडा का आहे, याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्याला फुप्फुसं नाहीत, कारण इतक्या लहान देहात नळ्यांमधून हवा पोचवता येते. त्याचं अंग मेणचट आणि केसाळ असतं, कारण पाणी त्याचा मृत्यू आहे. तो देह गरम ठेवायच्या भरीस सहसा पडत नाही, कारण ते परवडत नाही. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हाडांच्या जाडीबद्दल हेच लिहिलं होतं आणि जीवशास्त्रज्ञ हॉल्डेननं १९२६ मध्ये योग्य आकारावर जो निबंध लिहिला तोही हेच सांगतो. हे पुस्तक किड्यांबद्दलची एकेक गोष्ट खरी सांगतं आणि जीवशास्त्रातला सर्वांत मोठा नियम पहिल्याच प्रकरणात मोडतं: आकार बदलला की प्राणी तोच राहत नाही.

काजवा

बांधावरची यांच्याशी सहमत. गोष्टीला एक थाप माफ असते, पुढचं सगळं तिच्याशी इमान राखणारं हवं. कपडे लहान होत नाहीत म्हणून त्यांना कोळ्याच्या धाग्याचे कपडे करावे लागतात, ही इमानदारीच आहे.

आणि मोजपट्टी, तुम्ही ज्या हॉल्डेनचा दाखला दिलात, त्यांनीच १९३७ मध्ये मुलांसाठी ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’ हे जादूगाराच्या गोष्टींचं पुस्तक लिहिलं. योगायोगानं सालही तेच. पुढे भारतात येऊन कोलकाता आणि भुवनेश्वरला राहिलेल्या, इथलं नागरिकत्व घेतलेल्या या पक्क्या शास्त्रज्ञाला मुलांच्या गोष्टीत जादू असण्याची अडचण वाटली नाही.

मोजपट्टी

@काजवा, त्या पुस्तकातला जादूगार जादूगार म्हणूनच येतो. येनोतोव प्राध्यापक म्हणून येतात, पानोपानी कीटकशास्त्र शिकवतात, आणि मुलाचा त्यांच्यावर विश्वास बसतो. जो माणूस अर्जिरोनेटाबद्दल खरं सांगतो, तो पेयाबद्दल खोटं सांगत असेल असं दहा वर्षांचं मूल का मानेल? जादू असण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती प्रयोगशाळेचा कोट घालून येते, ही माझी तक्रार आहे.

सहावी_ब

तुम्हा दोघांचंही पटतंय, म्हणून मधली वाट सुचवते. पुस्तक पूर्ण वाचून होऊ द्या. मग एका शनिवारी ही तीन कामं करा. सगळी स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी होतात, पण प्रत्येकात एक खोच आहे.

पहिलं काम बटाट्याचं. मोठ्या बटाट्यातून ३ सेंटिमीटर बाजूचा घन कापा. त्याचा पृष्ठभाग ५४ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच १ सेंटिमीटरचे २७ घन करा. बटाटा तेवढाच, पण पृष्ठभाग १६२, म्हणजे तिप्पट. कणकेचे घन करू नका, कणीक बसते आणि कडा गोल होतात. मुलांना आधी अंदाज सांगायला लावा. बहुतेक मुलं ‘बटाटा तोच, म्हणजे पृष्ठभागही तोच’ म्हणतात, आणि त्यांनी ते आधी म्हणणं फार गरजेचं आहे.

दुसरं काम गरम पाण्याचं. एकाच घाटाचे दोन झाकणाचे स्टीलचे डबे घ्या: एक ६ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच, दुसरा १२ बाय १२. लहानात सुमारे १७० मिलिलिटर मावेल, मोठ्यात साधारण १,३५० मिलिलिटर. दोन्हीत ७० अंशांचं पाणी काठोकाठ भरून झाकण लावा आणि ५० अंशांवर यायला किती वेळ लागतो ते बघा. मोठ्या डब्यात पाणी आठपट, पण उष्णता जायला पृष्ठभाग चौपट, म्हणून त्याला सुमारे दुप्पट वेळ लागायला हवा.

गणित चुकतं ते तीन ठिकाणी. झाकण नसेल तर वाफेबरोबरही उष्णता जाते. डबे ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवले तर दगड उष्णता ओढतो, म्हणून दोन्ही लाकडी पाटावर ठेवा. आणि दर मिनिटाला झाकण उघडून तापमान बघू नका. झाकणाला बारीक भोक पाडून तापमापी आतच ठेवा. गरम पाणी मोठ्यांनीच ओतायचं.

तिसरं काम ओल्या अंगाचं. १०० ग्रॅम गोट्या आणि १०० ग्रॅम धुवून वाळवलेली जाड वाळू. दोन्ही वेगवेगळ्या गाळणीत घेऊन पाण्यात बुडवा, ठिबकणं थांबलं की पुन्हा वजन करा. गोट्यांवर साधारण दोन-तीन ग्रॅम पाणी राहतं, वाळूत वीसेक ग्रॅम सहज. मोहरी किंवा तांदूळ वापरू नका. ते पाणी पितात आणि मोहरी वर बुळबुळीत होते, म्हणजे तुम्ही भलतंच मोजता.

यानंतर फळ्यावर एकच प्रश्न लिहा: कारिक तळ्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर किती पाणी होतं? मोजपट्टी यांचं सगळं गणित पोरं स्वतः मांडतात.

मोजपट्टी

@सहावी_ब, प्रयोग उत्तम. तिसऱ्यात एक भर घाला: वाळूतलं बरंचसं पाणी कणांच्या मधल्या फटींत अडकतं, कणांवरच्या थरात नाही. मुलांनी २० ग्रॅम भागिले पृष्ठभाग करून थराची जाडी काढली तर उत्तर चुकेल. त्यापेक्षा वाळू टिपकागदावर एका थरात पसरून फटींतलं पाणी जाऊ द्या आणि मग वजन करा. आकडा बराच खाली येईल. तरी गोट्यांपेक्षा जास्तच राहील.

पाणवठा

मोजपट्टी, तुमच्या खाण्याच्या हिशोबाबद्दल. त्वचेच्या प्रमाणात भागून तुम्ही पंधरापट काढलं, पण प्राण्यांचा ऊर्जाखर्च त्वचेच्या प्रमाणात जात नाही. क्लायबर या शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये दाखवलं की तो वजनाच्या तीनचतुर्थांश घाताच्या जवळपास जातो. १,५६,२५,००० चा तीनचतुर्थांश घात सुमारे २,४८,५०० येतो. दीड किलोला त्यानं भागा: ६ मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या पावणेचारपट. बाकी मुद्दा टिकतो, आकडा नाही.

या चुकीला मोठी परंपरा आहे. १७२६ च्या ‘गलिव्हर’ कादंबरीत लिलिपुटच्या बुटक्यांचे गणिती त्यांच्याहून १२ पट उंच गलिव्हरसाठी १२ चा घन करून ठरवतात की याला १,७२८ जणांचं जेवण लागेल. क्लायबरच्या नियमानं २६८ जणांचं पुरलं असतं.

मोजपट्टी

आकडा मान्य, सुधारून घेतो. मात्र क्लायबरची रेषा खऱ्या सस्तन प्राण्यांवरून काढलेली आहे आणि ते सगळे २ ग्रॅमच्या वरच्या बाजूला आहेत. हजारपट खाली ती तशीच ओढत नेणं हाही अंदाजच. ६ आणि २४ मिलिग्रॅमच्या मध्ये कुठेतरी, एवढंच खात्रीनं म्हणतो.

अळीमिळी

कीटकांकडून बोलते. पुस्तक १९३७ चं आहे, काही गोष्टी पुढे गेल्या आहेत आणि काही तेव्हाही नीट सांगितलेल्या नव्हत्या.

अर्जिरोनेटाचा घुमट म्हणजे नुसतं हवेचं कोठार, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. २०११ मध्ये सेमूर आणि हेट्झ या संशोधकांनी घुमटाच्या आतला ऑक्सिजन मोजला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घुमटाच्या पृष्ठभागातून आत येत राहतो, म्हणजे तो बुडबुडा कल्ल्याचं काम करतो. नायट्रोजन मात्र हळूहळू बाहेर झिरपतो आणि बुडबुडा लहान होत जातो, म्हणून कोळ्याला अधूनमधून वर यावंच लागतं. स्वस्थ बसला असेल तर दिवसातून एखादी फेरी पुरते. ‘ही हवा किती वेळ पुरेल’ हा बांधावरची यांनी सांगितलेला प्रश्न खरोखरच शास्त्रज्ञांना पडला आणि उत्तर पुस्तकाहून सुंदर निघालं. हे मुलांना जरूर सांगा.

दुसरं, माव्याचं ‘दूध’. पुस्तकात मावा म्हणजे हिरव्या गाई. उपमा जुनी आणि गोड आहे, पण दूध म्हणजे पिल्लासाठी तयार केलेलं अन्न. माव्याच्या मागून येतो तो टाकाऊ पाक. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्लं फार थोडी, म्हणून मावा ढीगभर रस पितो, हवं ते ठेवतो आणि साखरेचं पाणी बाहेर टाकतो. आपल्याकडे शेतकरी त्यालाच चिकटा म्हणतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काळवंडतं.

हे बघायला रशियातलं तळं नको. वालाच्या किंवा चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा आणि त्याभोवती मुंग्या हमखास सापडतात. दहापटीचं भिंग घ्या. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फांदी डोळ्याकडे आणा. मुलं उलटं करतात, भिंग फांदीजवळ नेऊन लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणतात. सकाळी, वारा नसताना, दहा मिनिटं एकाच माव्यावर नजर ठेवा. मुंगी मिशांनी त्याला थोपटते आणि मागे थेंब येतो. औषध फवारलेल्या शेतात जाऊ नका. रुईवरचा पिवळा मावा सहज दिसतो, पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, तेव्हा मुलांबरोबर तो टाळा.

अर्जिरोनेटा आपल्याकडे नाही, पण पंखांच्या ढालीखाली हवा घेऊन बुडी मारणारा पाणभुंगा आहे. एक लिटरची बरणी, पाणी त्याच तळ्यातलं, एकदोन काड्या धरायला. शेपटाकडची बाजू वर करून तो हवा भरून घेतो, ती वेळ घड्याळ लावून मोजता येते. नळाचं क्लोरिनचं पाणी नको, बेडकाची पिल्लं सोबत नकोत, तो खातो. तोंडाला जाळी बांधा, कारण रात्री तो उडून जातो. दुसऱ्या दिवशी जिथला तिथं सोडा.

आणि धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करणारी मुंगीसिंहाची अळी. वळचणीखाली, पडवीत, जिथं पाऊस पोचत नाही तिथं. चाळलेली कोरडी धूळ ४-५ सेंटिमीटर खोल वाडग्यात भरा, अळी वर सोडा, ती मागे मागे सरकत आत शिरते आणि बहुधा रात्रीत खड्डा होतो. झाला नाही तर धूळ दमट आहे. एका वाडग्यात दोन ठेवल्या तर एकच उरते. खड्ड्याच्या उताराकडे नीट बघा: धूळ ज्या कोनावर जेमतेम टिकते नेमक्या त्याच कोनावर तो असतो, म्हणून मुंगीचा पाय पडला की उतार ढासळतो. मोजपट्टी, तुमचं भौतिकशास्त्र इथं त्या अळीनंच मांडून ठेवलं आहे.

पाणवठा

आकाराच्या वादाला एक जुनी बाजूही आहे. हे पुस्तक छापताना मॉस्कोच्या बालसाहित्य प्रकाशनाच्या संपादकांनी हरकत घेतली होती: बलाढ्य सोव्हिएत माणसाला किडा करून दाखवणं बरं नव्हे. कवी सामुइल मार्शाक यांनी बाजू घेतली म्हणून ते निघालं. पुढे लारीनं स्टालिनला एक उपहासात्मक कादंबरी प्रकरणाप्रकरणानं पत्रांतून पाठवली. एप्रिल १९४१ मध्ये त्याला अटक झाली, अनेक वर्षं छावण्यांत गेली आणि १९५६ मध्ये तो निर्दोष ठरला. तरीही त्याचं हे पुस्तक विसरलं गेलं नाही. १९८७ मध्ये त्यावर चित्रपटही आला आणि त्यात प्राध्यापकाचं काम वासिली लिवानोवनं केलं, तोच तो शेरलॉक होम्स साकारणारा.

त्या संपादकांना माणूस लहान दिसला म्हणून राग आला. मोजपट्टी यांचा आक्षेप उलटा आहे: लहान होऊनही तो माणूसच राहिला. दोन्ही हरकतींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. दुसरी ऐकण्याजोगी आहे.

बांधावरची

सगळं वाचलं. अळीमिळी यांचा माव्याबद्दलचा मुद्दा पूर्ण मान्य. ‘दूध’ हा शब्द मोठ्याने वाचतानाही मी ‘पाक’ असा बदलून वाचेन.

मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. मुलीचं नाव रशियनमध्ये ‘वाल्या’ असं ऐकू येतं, ते वालेंतिनाचं लाडकं रूप. मराठी मुलांपुढे तसं वाचलंत तर त्यांच्या डोळ्यांपुढे वाल्या कोळी येतो, ती मुलगी आहे हेच कळत नाही, आणि पुढे खरा कोळी आल्यावर गोंधळ वाढतो. म्हणून मी वालिया लिहिलंय. येनोतोव यांचं पूर्ण नाव इवान गेर्मोगेनोविच. मुलांना त्यात अडकवू नका, ‘प्राध्यापक’ पुरे.

सहावी_ब यांच्या प्रयोगांना माझा विरोध नाही, ‘पुस्तकानंतरच्या शनिवारी’ला आहे. मुलाला कळलं की पुस्तकाच्या मागे तपासणी आहे, की ते गवतात उतरतच नाही, काठावर उभं राहून उत्तरं जमवतं. प्रयोग महिन्यानं करा, पुस्तकाचं नावही न काढता. कारिक त्याला आपणहून आठवेल.

मोजपट्टी, तुमचे आकडे मला पटले. डोळ्याचा हिशोब तर मी पहिल्यांदाच पाहिला. पण तुमच्या म्हणण्याचा शेवट असा होतो की मुलानं आधी घन आणि वर्ग शिकावेत, मग चतुर बघावा. पोरं चतुराच्या मागे आधी धावतात. घन-वर्ग शिकायची गरज त्यांना त्या धावण्यातून कळते.

मोजपट्टी

@बांधावरची, ‘आधी गणित’ असं मी म्हटलेलं नाही, पण लिहिण्यातून तसं झालं असेल तर माझी चूक. पुस्तक देऊ नये हे मत मागे घेतो. अळीमिळी यांचा धुळीचा उतार वाचून मला पटलं की मूल एकदा खाली वाकून बघायला लागलं, की भौतिकशास्त्र त्याला तिथंच भेटतं.

तरी पुस्तकात एक चिठ्ठी लावावी, यावर मी ठाम आहे. चारच ओळी: उंची २५० पट कमी, त्वचा ६२,५०० पट, वजन दीड कोटी पट, मग कारिक पाण्यात बुडेल का? उत्तर लिहायचं नाही.

बांधावरची

चिठ्ठी चालेल. शेवटच्या पानाला लावा.

मोजपट्टी

शेवटच्या पानाला कोणी बघत नाही. मी ती कोळ्याच्या प्रकरणाच्या तोंडाशी लावेन, मुलं तळ्यात पडतात त्या पानावर.

बांधावरची

त्या पानावर मुळीच नको. तिथं कारिकचा श्वास कोंडलेला असतो.

सहावी_ब

कोळ्याचं प्रकरण संपतं त्या पानाला लावते. दोन प्रती आहेत वर्गात, एकीला चिठ्ठी, एकीला नाही. कुठल्या प्रतीतून जास्त प्रश्न येतात ते या वर्षअखेरीला इथं लिहीन.